देवाची राय, गावाचा शब्द

कोकणात सुट्टीला जायचं म्हटलं की आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर तीनच गोष्टी येतात. समुद्र, मासे आणि नारळाची झाडं. त्यात काही गैर नाही. वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पावसावर भागवणाऱ्या, आणि तोही वेळेवर येईलच याची खात्री नसलेल्या मुलखातल्या माणसाला एवढं पाणी एका जागी दिसलं, की तो आधी किनाऱ्यावरच बसकण मारणार. मीही वेंगुर्ले तालुक्यात गेलो की वेळागरच्या वाळूत बसतो, शिरोड्याच्या बाजारात हिंडतो. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह याच शिरोड्यात झाला आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत मास्तर होते, हे बरोबरच्या मंडळींना न चुकता सांगतो. पण गेल्या काही वर्षांत समुद्राकडे पाठ करून गावाच्या आतल्या बाजूला जाण्याची ओढ मला लागली आहे. तिथं जे पाहायला मिळतं, त्याविषयी आज बोलायचं आहे.

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाला एक ग्रामदैवत असतं, आणि त्या दैवताच्या नावानं राखलेला झाडांचा एक तुकडा असतो. पुस्तकात त्याला देवराई म्हणतात. सिंधुदुर्गातली माणसं नुसतं ‘राय’ म्हणतात. आपण आमराई म्हणतो, वनराई म्हणतो, त्यातलीच ही राई. कधी ती चार-दोन गुंठ्यांची असते, कधी दहा-वीस एकरांची. तिच्यात रवळनाथ असतो, सातेरी असते, लिंगेश्वर, भूमिका, महापुरुष, अशी कोणतीही देवता असते. सातेरी तर अनेक ठिकाणी मूर्तीच्या रूपात नसतेच. मातीचं वारूळ हीच सातेरी. आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. थोडक्यात, इथला देव गाभाऱ्यात बसून राहणारा नाही. तो रानात राहतो आणि गावात फेऱ्या मारतो.

राईच्या आत

डिसेंबर महिन्यात अशा एका राईत मी गेलो. बाहेर जांभ्या दगडाचा उघडा सडा होता, ऊन चटकत होतं. राईत वीस पावलं टाकली आणि हवा बदलली. अंग एकदम गार पडलं. वर पाहावं तर आकाशाचे तुकडे तुकडे झालेले. किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण, बकुळ, जांभूळ अशी झाडं, काहींचे बुंधे तिघांच्या कवेत न मावणारे. त्यांच्या खाली मधल्या उंचीची झाडं, त्यांच्या खाली झुडपं, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या वेली. मांडीएवढ्या जाड वेली मी तिथं पहिल्यांदा पाहिल्या. गारंबीच्या वेलीला तर हातभर लांब शेंगा लागतात. जमिनीवर पाचोळ्याचा असा थर, की पाऊल ठेवलं तर गादीवर ठेवल्यासारखं वाटावं. आम्ही माळावरची माणसं. आमच्या नजरेला क्षितिजापर्यंत मोकळं पाहण्याची सवय. इथं पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

मला घेऊन जाणारे गृहस्थ गावच्या मानकऱ्यांपैकी होते, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. सगळे त्यांना ‘आबा’ म्हणत, म्हणून मीही म्हणालो. राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढायला लावल्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. मी जरा थबकून विचारलं, “आबा, मी आत आलेलो चालेल ना?” ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, “राईत येताना कोण जात इचारीत नाय. जाताना हातात काय आसा, ता मात्र बगतत.”

मला वाटतं, देवराई म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं सांगणं अवघड आहे. राईतून काही बाहेर न्यायचं नाही. लाकूड नाही, फांदी नाही, फळ नाही, काही ठिकाणी वाळलेलं पानसुद्धा नाही. आत कुऱ्हाड चालवायची नाही, शिकार करायची नाही. हा नियम कुठं लिहिलेला नसतो. तारेचं कुंपण नसतं, पहारेकरी नसतो. पहाऱ्याला देवचार असतो, म्हणजे राखणदार. त्याचं भय असतंच. नियम मोडला तर गुरं दगावतील, घरात आजारपण येईल, असं सांगितलं जातं.

गाऱ्हाणं आणि कौल

शहरातले आपण बहुधा इथंच थांबतो. “बघा, अडाणी लोकांनी भीतीपोटी का होईना, जंगल राखलं,” असं म्हणून मोकळे होतो. मीही असंच वाचलं होतं. पण आबांशी दोन दिवस बोलल्यावर ध्यानात आलं, की नुसत्या भयावर कोणतीही गोष्ट शेकडो वर्षं टिकत नाही. या ‘नाही’च्या आत ‘हो’ म्हणण्याची एक रीत आहे, आणि खरी गंमत त्या रीतीत आहे.

समजा, देवळाचं छप्पर पडलं आणि नवी तुळई हवी आहे. किंवा गावात एखादा निराधार माणूस वारला आणि सरणाला लाकूड नाही. अशा वेळी काय करायचं? एकट्यानं जाऊन झाड तोडता येत नाही. मानकरी जमतात, गाव जमतो. देवापुढं उभं राहून गाऱ्हाणं घातलं जातं. गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. एकजण मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगतो: अमुक अडचण आली आहे, अमुक झाड हवं आहे, चूकभूल पदरात घे, लेकरांचं रक्षण कर. आणि प्रत्येक वाक्यामागं जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” मग कौल लावतात. देवाच्या पाषाणावर पाण्यानं भिजवलेल्या कळ्या, पानं किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडचं आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. नकार आला की विषय संपला. निदान त्या वेळेपुरता तरी.

आता कळी कोणत्या बाजूची पडेल हे देव ठरवतो की ओलावा, यावर वाद घालता येईल. मला तो घालायचा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते कळी पडण्याच्या आधीचं. ज्याला झाड हवं आहे, त्याला ते सगळ्या गावासमोर, मोठ्यानं मागावं लागतं. कशासाठी हवं आहे ते सांगावं लागतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे सगळे साक्षीदार होतात. गुपचूप मागण्याची सोयच नाही. स्वतःच्या घराच्या माडीसाठी किंवा विकण्यासाठी झाड हवं, असं चारचौघांत देवाला कोण सांगणार? देवराई टिकली ती या उघड मागण्यामुळे, असं माझं मत आहे. देवाचं भय माणसाला एकट्यात आवरतं आणि गावाची नजर त्याला चारचौघांत आवरते. दोन्ही असल्यावर कुंपण लागत नाही.

कोकणात या सगळ्या व्यवस्थेला गावऱ्हाटी म्हणतात. तिचं आणखी एक रूप मालवण तालुक्यात आचऱ्याला पाहायला मिळतं. तिथं दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस आणि तीन रात्री घराबाहेर पडतं. माणसं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेर राहुट्या ठोकायच्या. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. आचऱ्यात मुसलमानांची वस्ती आहे. गावपळणीत तीही मंडळी वेशीबाहेर जातात. गावाला चार दिवस विसावा द्यायचा, आवाज नाही, धूर नाही, चूल नाही. पुन्हा कौल घ्यायचा आणि होकार आला की परतायचं. सुट्टी आपण माणसांना देतो; इथं सुट्टी गावाला मिळते.

हिवाळ्यात गेलात तर जत्राही पाहून घ्या. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होणाऱ्या या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर, लिहिलेल्या संहितेशिवाय, कलावंत पहाटेपर्यंत खेळ रंगवतात. बायकांची कामं पुरुषच करतात. अनेक गावांत या खेळाची जागा देवळासमोरची, राईच्या कडेची मोकळी जागा हीच असते. राय ही अशी गावाच्या जगण्याशी बांधलेली आहे. ती वेगळी काढून ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून दाखवता येत नाही.

या व्यवस्थेचं सगळंच गोड होतं असं मात्र नाही. मान कोणाचा, पुढं कोण उभं राहणार, मागं कोण, हे जातीनं ठरलेलं होतं. काही रायांत बायकांना मज्जाव, काही ठिकाणी दलितांनी कुठवर यायचं याची रेघ. आबांचं वाक्य उदार होतं, पण प्रत्येक गावात ते तसंच ऐकायला मिळेल असं नाही. झाडं राखणारी रीत माणसांनाही वेशीवर राखत होती, हे विसरून देवराईचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. टिकवायचा तो उघड मागण्याचा रिवाज. उतरंड टिकवायची गरज नाही.

झाडांचं बँकखातं

देवरायांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष फार पूर्वी गेलं होतं. १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिच ब्रँडिस यांनी देशभरातल्या अशा वनांची नोंद घेतली होती. आपल्याकडे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला तो पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी. १९७०च्या दशकात ही जोडी सह्याद्रीच्या डोंगरांत आणि कोकणात पायी हिंडली. १९७५ आणि १९७६ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि देवराई हा शब्द विद्यापीठांत पोचला. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक देवरायांची यादीही केली.

त्यांनी सांगितलेली एक हकीकत फार बोलकी आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाला काळकाईची राई आहे. ती तोडण्यासाठी खुणावण्यात आली होती. हे दोघे अभ्यासक देवरायांत रस घेतात असं कळल्यावर गावकरी आपणहून त्यांच्याकडे आले. म्हणाले, आमच्या गावाचं पाणी या राईतल्या ओढ्याचं आहे. राई गेली तर ओढा जाईल. प्रयत्न झाले आणि ती तोड थांबली. हे गावकरी देवाचा कोप होईल म्हणून आले नव्हते. ते पाण्यासाठी आले होते.

हे पाणी आम्हा सोलापूरकरांना चटकन समजतं. कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर जातो. ऐकायला नवल वाटतं, पण कारण सरळ आहे. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पडलेलं पाणी बघता बघता वाहून जातं. जिथं पाचोळ्याचा थर आहे, मुळांचं जाळं आहे, तिथं ते थबकतं, मुरतं आणि हळूहळू झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून कितीतरी रायांच्या पोटाशी झरा, तळी किंवा बारव असते. पाणी होतं म्हणून तिथं देव बसवला की देव होता म्हणून पाणी टिकलं, हे सांगणं कठीण. पण दोघं एकत्र नांदतात एवढं खरं.

दुसरी गोष्ट बियाण्याची. आजूबाजूचे डोंगर लाकडासाठी, कोळशासाठी, पुढे काजू-रबराच्या लागवडीसाठी मोकळे झाले. पण मूळच्या रानातली झाडं राईत शिल्लक राहिली. गाडगीळ-वर्तकांना एका राईत गारंबीची अशी वेल सापडली होती, की गुरांच्या औषधासाठी तिची साल न्यायला लोक कित्येक मैलांवरून येत. बाकी मुलखातून ती नाहीशी झाली होती. अलीकडचं उदाहरण दोडामार्ग तालुक्यातलं. हेवाळे-बांबर्डे इथं गावानं देवाच्या नावानं राखलेल्या जागेत रानजायफळाची दलदल आहे. पाणथळ जमिनीत उगवणाऱ्या या झाडांची मुळं श्वास घेण्यासाठी गुडघा दुमडावा तशी चिखलाबाहेर येतात. अशा दलदली केरळ-कर्नाटकात, गोव्यात माहीत होत्या. महाराष्ट्रातल्या या जागेची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली ती २०१८ मध्ये. पुढे शासनानं तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र किती, तर जेमतेम अडीच हेक्टर. एवढ्याशा तुकड्यात अख्ख्या जंगलाचा नमुना गावानं सांभाळून ठेवला होता. आणि गावाला त्याचं शास्त्रीय नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

ही कल्पना एका धर्माची नाही

आबांनी कौलाचं सांगितलं तेव्हा मला लहानपणी ऐकलेली एक हकीकत आठवली. मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी जाहीर केलं, की या पवित्र परिसरातलं झाड तोडायचं नाही, काटेरी झुडूपसुद्धा नाही, आणि शिकार उठवायची नाही. तेव्हा त्यांचे चुलते अब्बास उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, इजखिर नावाच्या गवताला तेवढी सूट असावी. आमच्या लोहारांना ते लागतं, घरं शाकारायला लागतं. पैगंबरांनी तिथल्या तिथं ती सूट दिली. नियम कडक, पण गरज उघड मांडली तर ऐकून घेणारा.

अरबस्तानात ‘हिमा’ म्हणून राखीव कुरणं असत. खलिफा उमर यांनी अशा एका कुरणाच्या राखणदाराला सूचना दिली होती, की ज्याच्याकडे दोन-चार उंट, थोडी शेळ्यामेंढ्या आहेत अशा गरिबाला आत येऊ दे. बड्या धनवानांचे कळप मात्र आत घेऊ नकोस. त्यांची गुरं मेली तर त्यांच्याकडे शेतं-बागा आहेत. गरीब मात्र लेकरंबाळं घेऊन माझ्याच दारात येईल. कोकणातल्या राईत निराधाराच्या सरणाला लाकूड मिळतं आणि धनवानाच्या माडीला मिळत नाही, त्याच्यामागचा न्याय हाच आहे.

जगभर ही कल्पना वेगवेगळ्या नावांनी आहे. केरळात काव, कोडगूत देवरकाडू, मेघालयात मॉफ्लांगचं वन, इथिओपियात चर्चभोवतीची राई, जपानात देवस्थानांभोवतालची वनं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात, मिजिकेंडा लोकांची ‘काया’ नावाची पवित्र वनं आहेत. किनाऱ्यालगत सुमारे दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात ती विखुरलेली आहेत, आणि २००८ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात स्थान दिलं. या मिजिकेंडांपैकी दिगो ही जमात बहुतांशी मुसलमान आहे. डायानीच्या पर्यटकांनी गजबजलेल्या किनाऱ्याजवळच त्यांची काया किनोंडो आहे. पाहुण्याला आत जायचं तर गावाचा माणूस बरोबर घ्यावा लागतो, कमरेला काळं कापड गुंडाळावं लागतं आणि तिथले नियम पाळावे लागतात. पाहुण्यांकडून येणारा पैसा गावाच्या उपयोगी पडतो. समुद्रासाठी आलेल्या प्रवाशाला रानाची रीत शिकवण्याचा हा प्रकार आपल्या कोकणानंही पाहण्यासारखा आहे.

इतकं लांब कशाला, आमच्या कोरड्या मुलखातही याच्या खुणा आहेत. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे. धनगर समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. आणि सोलापूरच्या आसपास जुनं, डेरेदार झाड बघायचं तर कुठं जावं लागतं? मारुतीच्या पारावर, एखाद्या पिराच्या दर्ग्यात किंवा कब्रस्तानात. रस्त्याकडेचे लिंब गेले, शेताच्या बांधावरचे गेले, कब्रस्तानातले राहिले. कारण ते कुणा एकाचे नाहीत आणि ते मागायचे तर सगळ्या जमातीसमोर मागावे लागतात.

देवाला घर मिळालं आणि...

आता जरा कडू भाग. आज अनेक राया आकसत चालल्या आहेत, आणि त्याचं कारण लोकांची देवावरची श्रद्धा उडाली हे नाही. उलट देवावरचा खर्च वाढला आहे. पूर्वी देव झाडाखाली, उघड्यावर किंवा कौलारू घुमटीत असे. राय हेच त्याचं घर होतं. मग जीर्णोद्धाराची लाट आली. मुंबईच्या चाकरमान्यांनी मनापासून वर्गण्या दिल्या. सिमेंटचं देऊळ झालं, पुढं सभामंडप झाला, फरशी आली, वाहनं थेट दारापर्यंत यावीत म्हणून रस्ता आला. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी थोडी थोडी झाडं गेली. काही ठिकाणी तर बांधकामाचा खर्च राईतलं लाकूड विकूनच भागवला गेला. देवाला पक्कं घर मिळालं. मग त्याला रानाची गरज काय, असं वाटायला लागलं. फरसबंदीच्या कडेनं कुंड्यांत शोभेची रोपं लावलेली मी पाहिली आहेत, ज्या जागी पूर्वी बकुळ होती म्हणून सांगतात.

याच्या मुळाशी मला पुन्हा तीच गोष्ट दिसते. समितीच्या बैठकीत ठराव होतो, कंत्राट निघतं, झाडं जातात. गाऱ्हाणं देवापुढं घातलं जातं ते भूमिपूजनाच्या दिवशी, सगळं ठरून गेल्यावर. मागणं उरलं नाही, उरली ती केवळ माहिती देण्याची औपचारिकता. गावात राहणारी माणसंही कमी झाली आहेत. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला गावात चार म्हातारी माणसं उरली असतील, तर गावाची नजर आणायची कुठून?

दुसरा गुंता मालकीचा. राय गावाची, असं सगळे म्हणतात. पण सातबाऱ्यावर कुठं महसूल खातं असतं, कुठं वन खातं, कुठं देवस्थान, तर कुठं एखादं खासगी नाव. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गातल्या सुमारे तीन हजार देवस्थानांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. म्हणजे राखणारा एक आणि कागदावरचा धनी दुसरा. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ‘ओरण’ म्हणजे देवरायांबद्दल महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक ओरणाची जमिनीवर आणि उपग्रहाद्वारे मोजणी करावी, त्यांना वन म्हणून संरक्षण द्यावं, असं न्यायालयानं त्या राज्याला सांगितलं. आणि देशभरातल्या देवरायांसाठी केंद्र सरकारनं धोरण आखावं अशी शिफारसही केली. हे स्वागतार्ह आहे. कागदावर नोंद असेल तर निदान कुणी गुपचूप सातबारा फिरवणार नाही.

पण एक धास्तीही वाटते. उद्या राईच्या तोंडाशी सरकारी पाटी लागली आणि गावाचा ‘नाही’ खात्याचा ‘नाही’ झाला, तर गाव हात झटकून मोकळं होईल. खात्याचा माणूस संध्याकाळी घरी जातो. गाव तिथंच राहतं. म्हणून कायद्याचं कुंपण हवं, पण किल्ली गावाकडे हवी. त्यासाठी वाटा आहेत. २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण करण्याचा अधिकार देतो. २००२चा जैवविविधता कायदा गावाला स्वतःच्या झाडापेडांची नोंदवही करायला सांगतो. संगमेश्वर परिसरात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था गावकऱ्यांबरोबर बरीच वर्षं देवरायांवर काम करते आहे. जुन्या, प्रचंड बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. ती झाडं लाकडासाठी विकण्यापेक्षा त्यांची फळं नीट गोळा करून विकली तर गावाला दरवर्षी पैसा मिळतो आणि धनेशालाही घर राहतं, असं त्यांनी करून दाखवलं आहे. देवाच्या भयाची जागा रोख हिशोबानं घेतली, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, तो हिशोब सगळ्या गावासमोर मांडला जात असेल तर तोही एका परीनं गाऱ्हाणंच आहे.

राईत जाताना

आपल्यापैकी पुष्कळजण या सुट्टीत कोकणात जातील. समुद्र तर पाहाच, पण एक दुपार राईसाठी काढा. जाताना गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या. एकट्यानं शिरू नका. तिथं माहितीचा फलक नसतो, माहिती माणसांकडे असते. चपला काढायला सांगितल्या तर काढा, पण आधी पाचोळ्यात नीट बघून पाऊल टाका. साप-विंचू श्रद्धा विचारत नाहीत. फोटो काढण्यापूर्वी विचारा. मोठ्यानं गाणी लावू नका. प्लास्टिकची बाटली आत नेऊ नका, आणि नेलीच तर तेवढी एकच वस्तू बाहेर आणायला कुणाची हरकत नसते. एखाद्या बाईला किंवा एखाद्या समाजाला आत येऊ देत नसतील, तर ते खटकल्याचंही नम्रपणे बोलून दाखवा. पाहुण्याला तेवढा अधिकार असतो. आणि गावानं कौतुकानं नव्या देवळाची वर्गणी मागितली, तर द्या, पण देताना विचारा, “यात झाडं किती जाणार?” असा प्रश्न चारचौघांत विचारणारं माणूस गावाला हल्ली मिळत नाही. ते काम बाहेरून आलेला पाहुणा करू शकतो.

आबांना निघताना मी विचारलं, की तुमच्यामागं ही राय कोण राखणार? त्यांनी देवाकडे बोट दाखवलं नाही. “तुमी लोक इचारीत ऱ्हवलात तर ऱ्हवात,” एवढंच म्हणाले. विचारत राहिलात तर राहील. सोलापुरात असो वा शिरोड्यात, झाडाच्या बाबतीत आपल्याला एवढं तर करता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप. लेखक कवी असून सात रस्ता, सोलापूर येथे राहतात.)